जुन्या कॅमेऱ्याची नाडीपरीक्षा

आपल्या घरांतून ‘गेला’ हा शब्द फार लौकर उच्चारला जातो. रेडिओ बोलेनासा झाला, ‘गेला’. घड्याळ थांबलें, ‘गेलें’. मिक्सर गुरगुरून गप्प बसला, ‘गेला’. एकदां हा निकाल कोणा वडीलधाऱ्याच्या तोंडून बाहेर पडला कीं ती वस्तु माळ्यावर चढते, आणि माळ्यावर चढलेली वस्तु खालीं उतरते ती बहुधा भंगारवाल्याच्या तराजूंतच. असे किती निकाल पुरावा पाहून दिलेले असतात, हा प्रश्न मला जुन्या कॅमेऱ्यांच्या छंदामुळें पडूं लागला. फिल्मवर चालणारे जुने कॅमेरे दुरुस्त करण्याचा उद्योग मी गेलीं कांहीं वर्षें फावल्या वेळीं करीत आलों आहें. अलीकडे तरुण मंडळींत फिल्मची आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे. त्यामुळें आजोबांच्या किंवा आत्याबाईंच्या कपाटांतले कॅमेरे बाहेर निघूं लागले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे ‘गेला’ हा शिक्का घेऊनच माझ्या टेबलावर येतात. माझा अनुभव असा कीं, त्यांतील बरेच मेलेले नसतात. ते उपाशी असतात. त्यांना वीज पोंचत नसते, इतकेंच. ती कोठें अडली हें शोधण्याची एक रीत आहे. ती वाचकांपुढें मांडावी आणि तिच्यापासून मला काय लाभलें तेंही सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नाडी हातांत घेण्यापूर्वीं वैद्य रोग्याचें वय आणि राहणी विचारून घेतो. त्याप्रमाणें येथें पहिला प्रश्न असा कीं, या कॅमेऱ्याला वीज लागते तरी कशासाठीं? अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा डबीसारखा साधा कॅमेरा एके काळीं आपल्याकडील पुष्कळ घरांत असे. त्यांत विजेचा संबंधच नाहीं. त्याच्या पोटांत बॅटरीचा खण शोधणें म्हणजे बैलगाडीला पेट्रोलची टांकी शोधण्यासारखें आहे. दुसरा वर्ग सेलेनियमच्या प्रकाशमापकांचा. १९३६ सालच्या जर्मन काँटॅक्स थ्री कॅमेऱ्याच्या डोक्यावर असा मापक बसविलेला होता. सेलेनियमवर प्रकाश पडला कीं अल्पशी वीज आपोआप उत्पन्न होते आणि तीच कांटा हलविते. येथेंही बॅटरी नाहीं. तेव्हां कांटा हलेनासा झाला तर नवा सेल कोणता घालावा हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

तिसऱ्या वर्गांत बॅटरी असते, परंतु ती फक्त प्रकाश मोजण्यापुरती. १९७६ सालीं निघालेला पेंटॅक्स के १००० घ्या. त्याचा पडदा स्प्रिंगांवर आणि दांत्यांवर चालतो. सेल काढून टाकला तरी तो सर्व वेगांनीं विनातक्रार उघडतो व मिटतो. थांबतो तो फक्त आंतला कांटा. चवथा वर्ग मात्र पूर्णपणें विजेच्या आधीन. त्याच १९७६ सालच्या कॅनन एई-१ मध्यें बॅटरी नसेल तर बटण कितीही दाबा, कॅमेरा हूं कीं चूं करीत नाहीं. मधल्या स्थितींतलेही कांहीं आहेत. १९६६ सालीं आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ वीज नसतांना प्रत्येक फोटो सेकंदाच्या पांचशेव्या भागांतच काढतो. १९७८ च्या निकॉन एफई या कॅमेऱ्यांत ‘एम ९०’ अशी एक खूण आहे. चक्र तेथें नेलें तर बॅटरीवांचूनही पडदा सेकंदाच्या नव्वदाव्या भागांत उघडतो. ही माहिती ज्याला आहे तो याशिकाच्या पडद्याचा आवाज ऐकून ‘यंत्र ठीक आहे’ असें म्हणणार नाहीं, आणि एई-१ गप्प आहे एवढ्यावरून ‘यंत्र मोडलें’ असेंही म्हणणार नाहीं.

कूळ कळलें कीं मग वाट पाहावयाची. बॅटरीच्या एका टोंकापासून निघालेली वीज खणांतील पट्टीवर येते, पट्टीवरून तारेंत, तारेंतून बटणांत, बटणांतून सर्किटांत, आणि तेथून बहुधा कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगांतून बॅटरीच्या दुसऱ्या टोंकाशीं परत जाते. हें वर्तुळ कोठेंही तुटलें तरी परिणाम एकच, शांतता. बोटभर गंजलेली पट्टी आणि जळालेलें सर्किट यांची शांतता अगदीं सारखी असते. म्हणून नुसत्या शांततेवरून दोषाचें स्थान कळत नाहीं. तेथें नियम हा कीं, जें स्वस्त, बाहेरचें आणि सहज उघडणारें तें आधीं तपासावें. जें महाग, आंतलें आणि नाजूक तें शेवटीं. पुष्कळ लोक याच्या नेमकें उलट करतात. कॅमेरा चालेना कीं ‘सर्किट गेलें’ म्हणून मोकळे होतात. सर्किट बिचारें आंत बंद असतें, त्याला आपली बाजू मांडतां येत नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होय.

वाटेवरचा पहिला मुक्काम म्हणजे सेल. तो ताजा आहे काय, योग्य जातीचा आहे काय, आणि सुलटा बसविला आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यांत कमीपणा मानूं नये. कांहीं शे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर घरांत असला कीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें मिळतें. बरेंचसें म्हणण्याचें कारण असें कीं, नुसतें व्होल्टेज मोजलें तर थकलेला सेलही पुष्कळदां ताज्या सेलाच्या जवळपास आंकडा दाखवितो. त्या वेळीं मीटर त्याच्याकडून जवळजवळ कांहींच मागत नसतो. गांवांत श्रीमंत म्हणून मिरविणाऱ्या गृहस्थाची खरी स्थिति उसने पैसे मागितल्यावरच कळते, तसेंच हें. सेलाच्या दोन टोंकांमध्यें एखादा लहानसा रोधक जोडून, म्हणजे त्याच्याकडून थोडें काम करून घेत, व्होल्टेज मोजावें. तें झरझर खालीं आलें तर सेल पोकळ आहे असें समजावें. कित्येक कॅमेऱ्यांवर बॅटरी तपासण्याचें बटण असतें तें याच कामासाठीं. आणखी एक बारीक गोष्ट. एलआर ४४ आणि एसआर ४४ हे दोन सेल दिसावयास जुळ्या भावांसारखे असतात. पहिला अल्कलाइन, तो १.५ व्होल्टपासून हळू हळू उतरत जातो. दुसरा चांदीच्या ऑक्साइडचा; तो १.५५ व्होल्टवर जवळजवळ अखेरपर्यंत टिकून राहतो आणि मग एकाएकीं संपतो. ज्याच्या मापावर फोटो अवलंबून आहे त्या कॅमेऱ्याला दुसराच बरा.

दुसरा मुक्काम खणाचा. झाकण उघडलें कीं पुष्कळदां आंत पांढरा किंवा हिरवट निळा थर दिसतो. अल्कलाइन सेलाच्या पोटांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड नांवाचा दाहक द्रव असतो. सेल वर्षानुवर्षें आंत राहिला म्हणजे तो द्रव पाझरतो, हवेंतील कार्बन डायऑक्साइडशीं त्याचा संयोग होतो, आणि पापडखाराच्या जातीचा एक क्षार तेथें सांठतो. तांब्यापितळेच्या पट्टीवर तोच थर हिरवा होतो. क्षाराला आम्ल हा उतारा, हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. कानकोरण्याच्या कापसावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन थर पुसावा, नंतर आम्लही मागें राहूं नये म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून कोरडें करावें, आणि शेवटीं पट्टी पेन्सिलीच्या खोडरबरानें घासून चकचकीत करावी. जुन्या जस्त-कार्बन जातीचा मोठा सेल पाझरला असेल तर तेथें द्रव आम्लाच्या बाजूचा असतो. तेथें खाण्याचा सोडा चालतो. झाकणाकडेही दुर्लक्ष करूं नये. कित्येक कॅमेऱ्यांत झाकण हाच विजेच्या वाटेचा एक तुकडा असतो. त्याच्या आट्यांत मळ बसला कीं वाट बंद. खणांतील स्प्रिंग दबून चपटी झाली असली तर सेल जागेवर दिसतो, पण टेंकत नाहीं.

तिसरा मुक्काम तारेचा, आणि येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. खण चकचकीत झाला, सेल ताजा घातला, तरी कांटा हलत नाहीं. मग ‘बघा, सर्किटच गेलें’. परंतु तो क्षार खणांत थांबत नाहीं. समईच्या वातींतून तेल चढावें तसा तो तारेच्या वेष्टनाच्या आंतून चढत जातो. वरून तार धडधाकट दिसते, आंत तांब्याचा हिरवा चुरा झालेला असतो. मल्टीमीटरमध्यें वाट अखंड असली तर आवाज करणारी सोय असते. तिचें एक टोंक खणाच्या पट्टीला आणि दुसरें तारेच्या शेवटाला लावावें. आवाज आला नाहीं तर दोष सांपडला. दोन इंच नवी तार आणि दोन ठिकाणीं डाख, एवढा त्याचा खर्च. चवथा मुक्काम बटणांचा आणि चक्रांचा. वर्षानुवर्षें एकाच जागीं राहिलेल्या धातूच्या स्पर्शबिंदूंवर गंजाचें सूक्ष्म कवच चढतें. चालूबंद करण्याची कळ आणि फिल्मच्या वेगाचें चक्र वीस-पंचवीस वेळां फिरविलें तरी कित्येक कॅमेरे बोलूं लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधीं हातपाय हलवावयास लावतात तशांतलाच हा व्यायाम. हे चार मुक्काम संपल्यावर, आणि मगच, सर्किटावर संशय घेण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

आतां एका अशा अडचणीकडे वळूं कीं जिचा दोष कॅमेऱ्यांत नाहीं, सेलांतही नाहीं. ती काळानें उत्पन्न केलेली आहे. १९६० ते १९८० च्या दरम्यानचे पुष्कळ कॅमेरे पाऱ्याच्या बटणसेलावर चालण्यासाठीं घडविलेले होते. हा सेल सॅम्युएल रुबेन या अमेरिकन संशोधकानें दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४२ च्या सुमारास सिद्ध केला. त्याचा मोठा गुण असा कीं, तो १.३५ व्होल्टवर आपल्या आयुष्याच्या अखेरपर्यंत जवळजवळ अढळ राही. त्याच्या या सत्यवचनीपणावर विसंबून कारखानदारांनीं प्रकाशमापकाचें सर्किट अगदीं साधें ठेवलें. व्होल्टेज बदललें तर तें सांभाळण्याची सोय पुष्कळांत ठेवलीच नाहीं. पुढें पाऱ्याचे सेल बंद झाले. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें त्यांची विक्री थांबविली, युरोपांतही त्याच सुमारास बंदी आली. आज अशा कॅमेऱ्यांत १.५ व्होल्टचा सेल घातला तर कांटा वाजवीपेक्षां जास्त उडतो, प्रकाश पुष्कळ आहे असें कॅमेरा समजतो, आणि फिल्मवर प्रकाश कमी पडून फोटो काळवंडतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या कांहीं कॅमेऱ्यांत सर्किटाची रचनाच अशी आहे कीं थोड्या फरकानें तें डगमगत नाहीं. परंतु सर्वांचें भाग्य तसें नाहीं.

जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन या बंदीबद्दल हळहळतांना आढळतात. त्यांची हळहळ मला समजते. तींत मला सहभागी मात्र होतां येत नाहीं. जपानांतील मिनामाता या गांवीं एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतून पारा समुद्रांत गेला, समुद्रांतून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या घरांत. १९५६ सालीं त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हातपाय वेडेवांकडे झाले, वाचा गेली, आणि आईच्या पोटांतल्या मुलांनाही तो रोग जडला. युजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकारानें आपली पत्नी आयलीन हिच्यासह तेथें राहून त्या कुटुंबांचे जे फोटो काढले, ते १९७५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले आणि पाऱ्याचें विष म्हणजे काय तें जगाला डोळ्यांनीं दिसलें. हें विष सेलांतलें नव्हतें, कारखान्यांतलें होतें, हें खरें. परंतु पारा तोच. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला पुढें मिनामाता हेंच नांव मिळालें. तो २०१३ सालीं मान्य झाला, २०१७ सालीं अंमलांत आला, आणि २०१८ सालीं भारतानेंही त्याला मान्यता दिली. कॅमेऱ्याला उत्तम असलेली एक वस्तु मुलांना घातक म्हणून मागें घेतली गेली असेल, तर कॅमेरेवाल्यांनीं थोडी गैरसोय सोसावी हेंच न्यायाचें आहे. शिवाय ती गैरसोय फार मोठी नाहीं. श्रवणयंत्रांत घालतात तो जस्त-हवेचा सेल सुमारें १.४ व्होल्टचा असतो, म्हणजे पाऱ्याच्या सेलाच्या अगदीं शेजारचा, किंवा १.५५ व्होल्टच्या सेलाच्या वाटेंत योग्य जातीचा एक बारीकसा डायोड बसवून व्होल्टेज उतरवितां येतें.

आमच्या काकूंच्या कॅमेऱ्यावर मला हे सर्व मुक्काम ओळीनें करावे लागले. काकांनीं तो १९७४ सालीं परदेशांतून येणाऱ्या एका स्नेह्याकडून आणविला. वापरला मात्र काकूंनीं. घरांतल्या मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें, अंगणांतला पहिला पाऊस, हें सर्व त्यांनींच टिपलें. आमच्या अल्बमांतून चार पिढ्या दिसतात, फक्त काकू दिसत नाहींत; कारण त्या कॅमेऱ्यामागें होत्या. पुढें कांटा हलेनासा झाला. एका दुकानानें ‘सर्किट गेलें, भाग मिळत नाहींत’ असा निकाल दिला, आणि कॅमेरा सेलासकट ट्रंकेंत गेला. अलीकडे माझ्या पुतण्यानें त्याला एक गिऱ्हाईक पाहिलें. दिवाणखान्यांत शोभेसाठीं ठेवावयास कोणा गृहस्थांना जुना कॅमेरा हवा होता. ‘न्या बापडे! मला आतां काय करायचाय तो?’ असें काकू म्हणाल्या, आणि पुतण्यानें तीच संमति धरली. गृहस्थ रविवारीं यावयाचे होते. मीं शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

पडदा सर्व वेगांनीं व्यवस्थित चालत होता. म्हणजे कॅमेरा तिसऱ्या वर्गांतला, आणि प्रश्न फक्त कांट्याचा. झाकण पकडीनें फिरवावें लागलें. आंत जुना पाऱ्याचा सेल आणि त्याच्याभोंवतीं हिरवा थर. हा सेल मीं केरांत टाकला नाहीं; झांकणाच्या बाटलींत घालून ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर दिला. अशा सेलाला भोंक पाडूं नये आणि तो जाळूं तर मुळींच नये. खण स्वच्छ केला. कांटा हलला नाहीं. तळाची पट्टी काढून मल्टीमीटर लावला. खणापासून कळीपर्यंत वाट बंद. तार वरून काळी कुळकुळीत, परंतु वेष्टन कापलें तों आंतून हिरवी भुकटी गळली. नवी तार डाखल्यावर कांटा हलला, पण दचकत दचकत. कळ पंचवीस वेळां मागेंपुढें केल्यावर त्याचें दचकणें थांबलें. ज्या सर्किटाला इतकीं वर्षें दोषी धरलें होतें त्याला मला हातही लावावा लागला नाहीं.

राहिला प्रश्न सेलाचा. चांचणीसाठीं घातलेल्या १.५ व्होल्टच्या सेलावर कांटा फार वर जात होता. काकू शेजारीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मीं त्यांना म्हटलें, ‘काकू, पाऱ्याचा सेल आतां मिळत नाहीं. त्याच्या जवळचा म्हणजे श्रवणयंत्रांतला.’

‘मग माझ्या कानांतला चालतो का बघ कीं!’ काकू म्हणाल्या. ‘पाकिटांत सहा असतात. एक मला, एक त्याला.’

त्या आपल्या खोलींतून निळ्या चिकटपट्टीचे ६७५ नंबरचे सेल घेऊन आल्या. पट्टी काढल्यावर सेलाच्या बारीक भोंकांतून हवा आंत शिरते आणि मगच त्यांत वीज उत्पन्न होते; म्हणून मिनिटभर थांबावें लागतें. हें मला त्यांनींच बजावलें. सेल जुन्या सेलापेक्षां लहान, तेव्हां भोंवतीं नळाच्या दुकानांतील रबरी वॉशर घालून तो खणांत मधोमध बसविला. आभाळ भरून आलेलें होतें. काकू ओसरीवर आल्या, अंगणाकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाल्या, ‘शंभराची फिल्म धर. एकशेपंचवीसला आठ.’ मीं चक्रें त्याप्रमाणें लावून कॅमेरा डोळ्याला लावला. कांटा खुणेच्या बरोबर मध्यावर येऊन थांबला. इतकीं वर्षें कॅमेरा हातांत नसतांनाही त्या माउलीचा अंदाज रेसभरही चुकला नव्हता. ‘मला आतां काय करायचाय’ या बोलण्याचा खरा अर्थ त्या वेळीं सर्वांच्या ध्यानांत आला. पुतण्यानें आपण होऊनच त्या गृहस्थांना फोन केला कीं, कॅमेरा विकावयाचा नाहीं. छत्तीस फोटोंच्या त्या पहिल्या रोलांत एक फोटो काकूंचा आहे. तो पुतण्यानें काढला, आणि कांटा पाहण्याचें त्याला काकूंनींच शिकविलें.

सगळेच कॅमेरे असे बोलते होतात असें मात्र नाहीं. चवथ्या वर्गांतील पूर्ण विजेच्या कॅमेऱ्यांत सर्किट खरोखरच जळालेलें असलें तर दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यांतून भाग काढून बसविण्यापलीकडे बहुधा उपाय नसतो, आणि तो जाणत्या कारागिराचाच प्रांत. कांहीं ठिकाणीं तर हात न घालणें हेंच शहाणपणाचें. ज्या लहान कॅमेऱ्यांत फ्लॅश अंगचाच असतो, त्यांत एक कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपासची वीज सांठवून बसलेला असतो. बॅटरी काढली तरी ती वीज लगेच जात नाहीं. असा कॅमेरा घरीं उघडूं नये. दुसरा इशारा लहान मुलांच्या घरासाठीं. बटणसेल चकाकतो, गोळीएवढा असतो, आणि तो गिळला जाऊन अन्ननलिकेंत अडकला तर तेथील ओलाव्यानेंच त्याचें वर्तुळ पुरें होतें आणि दोन तासांच्या आंतही आंतली कातडी भाजूं शकते. नुसता संशय आला तरी उलटी करविण्याच्या भानगडींत न पडतां मूल तडक रुग्णालयांत न्यावें. जुना आणि नवा असा प्रत्येक सेल मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंच फळीवर झांकणाच्या डबींतच ठेवावा.

ठेवणीच्या रीतीही थोडक्या आहेत. कॅमेरा महिनाभर वापरावयाचा नसेल तर सेल काढून ठेवावा. पेंटॅक्स के १००० ला वीज बंद करण्याची कळच नाहीं. त्याच्या भिंगावर टोपण ठेवणें हीच त्याची कळ, कारण अंधारांत मापक वीज जवळजवळ खात नाहीं. जस्त-हवेचा सेल पट्टी काढल्यापासून कांहीं आठवडे, फार तर दोनतीन महिने चालतो; कोरड्या हवेंत तो सुकतो आणि पावसाळ्यांत ओल धरतो. म्हणून पट्टी काढल्याची तारीख लिहून ठेवावी. आपल्याकडील पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पेटींत कोंडून ठेवणें म्हणजे बुरशीला आमंत्रण. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झांकणाचा डबा बरा.

या छंदानें मला विजेचें ज्ञान थोडेंच दिलें. चौकशीची एक शिस्त मात्र दिली. मोठ्या कुटुंबांत दहा माणसें, दहा स्वभाव, आणि दिवसांतून एकदां तरी कांहींतरी बिनसतें. दूध नासलें कीं नव्या सुनेकडे पाहावयाचें, हिशेब चुकला कीं म्हाताऱ्या सासऱ्यांच्या विसराळूपणाकडे. जें माणूस आपली बाजू मांडूं शकत नाहीं त्याच्यावर ठपका आधीं येतो. पातेलें नीट धुतलें होतें काय, दूध वेळेवर तापविलें होतें काय, पावती कोणाच्या खिशांत राहिली आहे, हे स्वस्त आणि जवळचे प्रश्न आधीं विचारले तर पुष्कळ वेळां माणसापर्यंत जाण्याची पाळीच येत नाहीं. तपासाला वेळ लागतो हें खरें, परंतु चुकीच्या निकालाची किंमत वर्षानुवर्षें भरावी लागते, आणि ती बहुधा ट्रंकेंत जाणाऱ्यालाच भरावी लागते.

वस्तु बाजूला ठेवण्याची वेळ आलीच, तर माझी वाचकांस एक विनंति आहे. तिच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. काय तपासलें, काय आढळलें, कोणता सेल घातला होता, कोणत्या तारखेस काढला, आणि काय तपासावयाचें राहिलें, एवढें तीवर लिहावें. पुढें घरांतलें कोणी जाणतें मूल ती ट्रंक उघडील, तेव्हां त्याला तयार निकाल मिळण्याऐवजीं पुढच्या तपासाची वाट मिळेल.